पुढच्या नंबरवाल्यानं पाय धरायचे

शिंप्याच्या दुकानात चिंध्या कुणी मुद्दाम जमवत नाही. कापड कापलं की पडतात, पायाशी साठतात, आणि एक दिवस बायको झाडू घेऊन आली की कळतं, अरे बापरे, एवढ्या! किश्शांचंही तसंच असतं. माझं शिलाई मशीन खिडकीशी, आणि खिडकीसमोर गल्लीचा नळ. बेंगळूरच्या पेठेतली आमची ही गल्ली सकाळी त्या एका नळावर तोंड धुते. कुणी राखुंडी लावतो, कुणी कडुनिंबाची काडी चावतो, कुणी नुसतंच बोट फिरवतो. आता समोर माणूस आ वासून उभा असेल, तर मी काय डोळे मिटून काजं करू? लोक मला चोंबडा म्हणतात. म्हणू देत! मी चौथी पास माणूस, पाढे कधीच विसरलो. पण गल्लीत कुणाच्या तोंडात किती दात, ते आजही झोपेतून उठवून विचारा.

म्हणूनच हे सगळे किस्से दातांचे.

*

इंग्रज जाऊन दहा-बारा वर्षं झाली होती. दंडूत, म्हणजे कँटोनमेंटात, काचेच्या दारांचे दातांचे दवाखाने होते. आमच्या गल्लीला रंगप्पा होता.

रंगप्पा म्हणजे कोपऱ्यावरचा न्हावी. मूळचा कानडी, पण आमच्यात राहून मराठीही बोलायचा, स्वतःच्या पद्धतीनं. दुकानात गोल फिरणारी लाकडी खुर्ची एकच. त्याच खुर्चीत केस, त्याच खुर्चीत दाढी, आणि दुखत असेल तर त्याच खुर्चीत दात! चिमटा हातात घेतला की ओढायच्या आधीच म्हणायचा, "आयतु, आयतु!" म्हणजे झालं, झालं. झालेलं काहीच नसायचं.

दात ओढताना माणूस लाथा मारतो. म्हणून रंगप्पानं नियम केला होता: पुढचा नंबर ज्याचा, त्यानं पाय धरायचे. मग तो केस कापायला आलेला असो की मिशी कोरायला. नियमाला अपवाद नाही.

एकदा खुर्चीत बसला होता शाळेचा शिपाई, आणि पुढचा नंबर हेडमास्तरांचा! गॅदरिंग होतं, मास्तर दाढीला आलेले. आम्ही सगळे बघतोय, आता काय होतं. मास्तरांनी उपरणं कमरेला गुंडाळलं, खाली बसले आणि शिपायाचे दोन्ही पाय असे आवळले की बिचारा हललाच नाही. दात निघाल्यावर मास्तर घाम पुसत म्हणाले, "पंधरा वर्षांत आज पहिल्यांदा हा माणूस माझ्यासमोर एका जागी बसला!"

*

दंडूतल्या दवाखान्यात आम्ही गेलोच नाही असं नाही. एकदा गेलो. आमच्या मंडळींची दाढ अशी ठणकत होती की तिनं सकाळपासून माझ्याशी भांडण केलं नव्हतं. मी घाबरलो. म्हटलं, रंगप्पा नको, चल, आज साहेबाच्या डॉक्टरकडे जाऊ.

लग्नातली साडी, माझा स्वतः शिवलेला कोट, आणि बसमधून दोघं दंडूत. काचेचं दार ढकललं. आत गार, फिनेलचा वास, आणि टेबलाशी चष्म्याचा कंपाउंडर. त्यानं आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "कोणत्या बंगल्यातून आलात?"

मी म्हटलं, "बंगला नाही. पेठेतून आलोय. हिची दाढ दुखते."

"हिची?" त्याला खरंच नवल वाटलं! त्याची समजूत, आम्ही कुणा साहेबाचा निरोप घेऊन आलोय. मग त्यानं जाडजूड वही उघडली, बोट फिरवत फिरवत खाली नेलं आणि म्हणाला, "तीन आठवड्यांनी या."

मंडळींनी गालावरचा पदर बाजूला केला. "थांबा हं," ती म्हणाली, "दाढेला विचारून सांगते."

दुसऱ्या दिवशी रंगप्पानं ती दाढ काढली. पाय कुणी धरले ते सांगत नाही. पुढचा नंबर माझाच होता.

*

गल्लीत दातांची कवळी मात्र एक होती. सिद्धोजीरावांची. हे सिद्धोजीराव दंडूत एका इंग्रज साहेबाकडे बटलर होते. साहेब विलायतेला परत निघाला तेव्हा इतर नोकरांना त्यानं घड्याळ दिलं, छत्री दिली. सिद्धोजीरावांना आपली जुनी कवळी दिली!

ती त्यांच्या तोंडात बसत नव्हती. कुणाच्याच बसत नव्हती. साहेबाचा जबडा घोड्यासारखा असावा. पण फोटो काढायला असा कितीसा वेळ लागतो? गल्लीतल्या ज्या ज्या म्हाताऱ्याचा फोटो निघाला, त्याच्या तोंडात हेच दात! फोटोग्राफर "रेडी" म्हणाला की घालायचे, "थँक्यू" म्हणाला की काढून पुसून द्यायचे. आमच्या तीर्थरूपांचाही फोटो तसाच निघाला. ते गेल्यावर त्याच फोटोला हार घातला.

पुढे माझ्या थोरलीला बघायला धारवाडची मंडळी आली. वडीलधारे म्हणून मी सिद्धोजीरावांना शेजारी बसवलं. ते नटून आले, दातांसकट. मुलाचे वडील भिंतीवरचा फोटो बघून म्हणाले, "वा! आजोबांचे दात काय एकसारखे!" मग त्यांची नजर सिद्धोजीरावांकडे वळली. पुन्हा फोटोकडे. पुन्हा सिद्धोजीरावांकडे.

"तुम्ही यांच्या नात्यातले का?"

सिद्धोजीराव दात सावरत म्हणाले, "हो. अगदी जवळचे."

*

अशा आमच्या गल्लीत शैला आली. चिकोडीकडची मुलगी. बेंगळुरात दातांचं सरकारी कॉलेज नवीनच निघालं होतं, त्यात शिकत होती, आणि सिद्धोजीरावांच्या माडीवरची खोली तिनं भाड्यानं घेतली होती. बारीक अंगाची, दोन वेण्या, बोलायला गोड. शेवटचं वर्ष आलं तशी ती सुकायला लागली. मी खिडकीतून विचारलंच, "काय गं, जेवत नाहीस की काय?"

"मारुतीअण्णा, मला एक बोळकं पाहिजे," ती म्हणाली.

परीक्षेला प्रत्येकानं आपला पेशंट आणायचा होता. एकही दात नसलेलं तोंड, त्यात पूर्ण कवळी बसवून दाखवायची. मोठ्या घरचे लोक शिकाऊ पोरांकडे तोंड उघडायला येत नाहीत, आणि गरिबांना कॉलेजचीच भीती. पेशंट नाही तर परीक्षा नाही. तिकडे चिकोडीहून वडिलांचं पत्र आलं होतं: नापास झालीस तर सरळ परत ये, स्थळ बघून ठेवलंय.

"एवढंच ना?" मी कात्री खाली ठेवली. "सिद्धोजीरावांच्या दोन दाढा अजून शाबूत आहेत. पुरतं बोळकं गल्लीत एकच आहे. पण ते तुळसाक्काचं आहे."

शैलाचा चेहरा उतरला. तुळसाक्का समोरच्या घरातली. साठी उलटलेली, एकटी, आणि नळावरची पहिली घागर कायम तिची. तिच्याशी भांडून कुणी तिच्याआधी घागर भरलेली नाही. दात नव्हते पण जिभेला धार होती! दात सगळे रंगप्पाच्या दुकानात गेले, एकेक करून, वीस वर्षांत. त्यामुळे रंगप्पा दिसला की ती एकच म्हणायची, "माझे दात परत दे, मेल्या!"

आम्ही दोघं गेलो. शैलानं सगळं समजावलं. फुकट आहे म्हणाली.

"फुकट?" तुळसाक्का म्हणाली. "फुकट फक्त सर्दी मिळते."

मला तिचं मर्म ठाऊक होतं. इकडे संक्रांतीला घरोघर एळ्ळु-बेल्ला वाटतात. तीळ, गूळ, शेंगदाणे आणि सुक्या खोबऱ्याचे कडक तुकडे. तुळसाक्का दर वर्षी आपल्या वाटचं पानाच्या पितळी खलात कुटायची आणि बोटानं चाटायची. एकदा मला म्हणाली होती, "कुटलं की खाऊचं औषध होतं रे मारुती."

कोनाड्यातल्या खलाकडे बघत तिनं शैलाला विचारलं, "सुकं खोबरं चावता येईल?"

"येईल."

"बघ हं पोरी. नाही चावलं, तर परीक्षेच्या साहेबाला तोंडावर सांगेन. मी भीड ठेवत नाही."

*

कॉलेजात एकटी जायला तुळसाक्का तयार नव्हती, म्हणून प्रत्येक खेपेला मी बरोबर. पहिल्या दिवशी माप घ्यायचं होतं. मी म्हटलं, मापाचं मला शिकवू नका, हयात गेली! पण इथे टेप नव्हती. गरम करून मऊ केलेला लगदा पत्र्याच्या साच्यात भरला, साचा तुळसाक्काच्या तोंडात घातला आणि शैला म्हणाली, "आता पाच मिनिटं बोलायचं नाही."

आणि तुळसाक्का पाच मिनिटं बोलली नाही!

मी घड्याळ बघत होतो. तिसऱ्या मिनिटाला तिचे डोळे मोठे झाले, चौथ्याला तिनं मला बोटानं दम दिला, पण शब्द नाही. मी घरी येऊन सांगितलं, तर गल्लीत कुणाचा विश्वास बसेना. सिद्धोजीरावांनी मला शपथ घ्यायला लावली. आणि संध्याकाळी नळावरच्या दोघी बायका हळूच शैलाकडे जाऊन आल्या.

"अगं, तो लगदा बाजारात कुठे मिळतो?"

*

तिथल्या प्रोफेसरांनी तुळसाक्काच्या हिरड्या बघून सगळ्या पोरांना बोलावलं. "अशी हिरडी पुस्तकात असते," ते म्हणाले. झालं! तुळसाक्का महिनाभर नळावर पदर मागे टाकून चालत होती. "माझी हिरडी पुस्तकातली आहे," असं म्हणायची आणि घागर पुढे सरकवायची.

पण त्याचा घोटाळा असा झाला की बाकीच्या विद्यार्थ्यांचाही तिच्यावर डोळा गेला. परीक्षा तीन आठवड्यांवर, शैलाची कवळी अजून मेणाच्या नमुन्यात, आणि एका सकाळी गल्लीच्या तोंडाशी मोटार उभी! दंडूतल्या बड्या घरचा एक विद्यार्थी. त्याचा पेशंट पळाला होता. हातात मोसंबी, काखेत नवी साडी. "आज्जी, माझ्याकडून दात बसवून घ्या. रोज मोटारीनं नेतो, आणतो."

तुळसाक्कानं मोटारीला एक फेरी मारली. दार उघडायला लावलं. आणि आत बसली!

शैला माडीवरून बघत होती. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मी शिलाई तशीच टाकली, तिला घेऊन बस पकडली. वाटेत काय समजूत घालू? मीच हबकलेलो.

कॉलेजच्या फाटकाशी पोचलो तर मोटार नुकतीच येत होती. तुळसाक्का उतरली. लालबाग बघून झाली होती, हॉटेलात इडली खाऊन झाली होती. पोरगा मोठ्या अदबीनं म्हणाला, "या आज्जी, माझी खुर्ची खाली आहे."

"तुझी असू दे," ती म्हणाली. "माझी डॉक्टरीण वर बसते. बरं झालं सोडलंस, बसमध्ये फार गर्दी असते."

जिन्यात शैलानं तिला मिठीच मारली. "तुळसाक्का, तो नवी साडी देत होता!"

"साडी नेसून खोबरं चावता येतं का?"

*

परीक्षेच्या आदल्या दिवशी दात तोंडात बसले. शैलानं तिला दहा वेळा बजावलं, "साहेब विचारतील, काही तक्रार आहे का. नाही म्हणायचं. एवढंच." मला धडकी भरली. तुळसाक्काला कुणी तक्रार विचारावी आणि तिनं नाही म्हणावं, असं गल्लीच्या इतिहासात घडलेलं नाही.

परीक्षक दंडूतला मोठा डॉक्टर होता. उंच, कोट, टाय, बोलणं सगळं इंग्रजीत. आमच्या मंडळींची दाढ ज्यानं तीन आठवड्यांवर टाकली तोच का, ते मला माहीत नाही. ती म्हणते, तोच. मी दाराशी उभा होतो, तिथून सगळं दिसत होतं.

त्यानं दात हलवून पाहिले, दाबून पाहिले. हलले नाहीत. मग शैलाला म्हणाला, विचार हिला, काही तक्रार?

"तुळसाक्का, काही तक्रार आहे का?" शैलानं विचारलं.

तुळसाक्कानं कनवटीतून सुक्या खोबऱ्याचा तुकडा काढला. तोंडात टाकला. कडक्! साऱ्या हॉलनं मान वळवली. ती चावत राहिली, शांतपणे, डोळे मिटून. मला वाटलं संपलं, पास! पण तिनं घास गिळला आणि साहेबाकडे निरखून बघितलं.

"माझी तक्रार नाही," ती म्हणाली. "पण या साहेबाचे दात बोलताना वाजतात. मघापासून ऐकतेय, कट् कट्. कुणी केले गं याचे? चोरबाजारातून आणलेत काय?"

शैला पांढरीफटक! साहेब वाट बघतोय. तिनं इंग्रजीत सांगितलं, "सर, ती म्हणते, फार आराम आहे, आणि ती आपली आभारी आहे."

साहेबानं कागदावर काहीतरी लिहिलं, पेनाचं टोपण लावलं, आणि स्वच्छ बेळगावी मराठीत म्हणाला, "असं नाही म्हणाली ती."

*

शैला पास झाली. संक्रांतीला तुळसाक्कानं घरोघरचं एळ्ळु-बेल्ला नळावर उभं राहून खाल्लं, म्हणजे आवाज सगळ्यांना जावा. शैलाला सरकारी दवाखान्यात नोकरी लागली, पण गल्लीनं तिला सोडलं नाही. सकाळी नोकरीवर जायच्या आधी जरा आमच्याकडे बघ, म्हणू लागले. आता बघायला खुर्ची कुठली? माडीवरच्या स्टुलावरून सिद्धोजीराव एकदा उलटेच पडले.

तुळसाक्का तडक रंगप्पाच्या दुकानात गेली. "माझे सगळे दात तू घेतलेस. आता खुर्ची दे!"

आमच्याकडे न्हाव्यांची दुकानं मंगळवारी बंद. रंगप्पानं मान खाजवली, चिमट्याकडे पाहिलं, तुळसाक्काकडे पाहिलं. "सरी, अक्का, सरी. बरं, मंगळवारी सकाळी इथेच वापरा," तो म्हणाला. "पण दुकान माझं. नियम माझे."

तेव्हापासून मंगळवारी तिथे दातांचा दवाखाना. नंबर लावायला तुळसाक्का.

*

आणि मग तो मंगळवार.

रंगप्पाचा स्वतःचा गाल आठवडाभर सुजला होता. उष्णता आहे म्हणायचा आणि रुमाल बांधून लोकांच्या दाढ्या करायचा. त्या सकाळी तो सगळ्यांचे नंबर संपायची वाट बघत दाराआड उभा राहिला, आणि शेवटी गुपचूप येऊन खुर्चीत बसला.

तुळसाक्का या दिवसाची वीस वर्षं वाट बघत होती. "काय रे, तुझा तू का नाही काढत?"

"आपली हजामत आपल्याला करता येते का, अक्का?" रंगप्पा काकुळतीनं म्हणाला. मग शैलाकडे वळला. "पाय कोण धरणार?"

"पाय कशाला? मी सुई देते, काही कळणार नाही."

"नाही, नाही! पाय धरल्याशिवाय तोंड उघडणार नाही. नियम म्हणजे नियम. पुढचा नंबर कुणाचा?"

पुढचा नंबर कुणाचाच नव्हता. मी हळूच खिडकीकडे सटकायच्या बेतात होतो, एवढ्यात गल्लीच्या तोंडाशी मोटार थांबली. उंच माणूस, कोट, टाय. रुमाल तोंडावर धरून वाकत वाकत दुकानात शिरला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "डॉक्टर शैला इथेच बसतात ना? माझं जरासंच..."

कट् कट्.

"सगळे जरासंच म्हणतात," तुळसाक्का म्हणाली. "नंबर लावा. रंगप्पाच्या मागे तुम्हीच."

साहेबानं मान डोलावली आणि बाकावर टेकला. रंगप्पा खुर्चीतून मान वळवून त्याच्याकडे बघतोय, मी बघतोय, दारात जमलेली गल्ली बघतेय. शैला तेवढी छताकडे बघत होती.

"बसता काय?" तुळसाक्कानं त्याला नियम सांगितला.

साहेबानं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. मग तो उठला, कोट काढला आणि माझ्या हातात दिला. कापड उंची, पण डावा खांदा अर्धा इंच उतरलेला. ते सांगायची ती वेळ नव्हती. त्यानं पँट गुडघ्यांशी वर ओढली, रंगप्पासमोर उकिडवा बसला आणि त्याचे दोन्ही पाय धरले.

"घट्ट धरा हो साहेब," तुळसाक्का खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकत म्हणाली, "लाथा मारतो तो!"